घडी विस्कटते तेव्हा

पाचाडच्या वाटेवरून रायगडाकडे पाहणाऱ्याला गडाचा कडा अगदी हाताशी आल्यासारखा वाटतो. चढू लागल्यावर मात्र हजाराहून अधिक पायऱ्या त्याच्या वाट्याला येतात. १९९६ मध्ये रोपवे झाल्यापासून तेच अंतर काही मिनिटांचे झाले आहे. गड जागचा हलला नाही, पाचाडही हलले नाही. दोन जागांना जोडणारी वाट तेवढी बदलली. शेजारच्या पोलादपूर तालुक्यातून आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे निघालेल्या प्रवाशाला हाच धडा दुसऱ्या रीतीने मिळतो. वरच्या वळणावरून मारलेली हाक खालच्या वळणावर सहज ऐकू जाते, पण रस्त्यावरचे दगड मोजीत गेल्यास त्या दोन वळणांत बरीच मजल पडते. रस्त्याने मोजलेले अंतर आणि प्रत्यक्षातले अंतर ही दोन निरनिराळी मापे आहेत, हे डोंगरातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

आनुवंशशास्त्राला मात्र हे सत्य पचवायला बराच काळ लागला. डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली आणि त्यानंतर दीर्घकाळ आनुवंशिकतेचा विचार एका सरळ रेषेच्या रूपातच होत राहिला. चार रासायनिक अक्षरांची एक लांबच लांब ओळ, तिच्यात मधूनमधून जनुके, आणि प्रत्येक जनुकात एखाद्या प्रथिनाचा आराखडा, असे ते चित्र होते. चित्र खोटे नव्हते, अपुरे होते. कारण ती ओळ पेशीत कधीच सरळ पसरलेली नसते. ती घडी घालून ठेवलेली असते, आणि कोणते जनुक केव्हा जागे व्हावे हे पुष्कळ अंशी त्या घडीवर अवलंबून असते. एखाद्या माणसाच्या आनुवंशिक अक्षरांत झालेला फरक ही घडी कशी आणि किती बदलतो, ह्याचा अंदाज आता संगणकाकडून बांधला जात आहे. हे संशोधन दूरदेशीच्या प्रयोगशाळांपुरते आहे असे समजून महाराष्ट्राने त्याकडे पाठ फिरवली, तर ती मोठी चूक ठरेल.

अक्षरे आणि घडी

मानवी जनुकसंचात तीनशे कोटींहून अधिक अक्षरे आहेत. एका पेशीतला डीएनए ताणून धरला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. तो ज्या केंद्रकात मावतो त्याचा व्यास मात्र एका मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढा असतो. एवढ्या मोठ्या मजकुरापैकी प्रत्यक्ष प्रथिनांचा आराखडा सांगणारा भाग एक-दोन टक्क्यांहून अधिक नाही. उरलेल्या भागाची एके काळी अडगळ म्हणून बोळवण केली जात असे. आज असे दिसते की, मधुमेहासारख्या सामान्य आजारांशी ज्या आनुवंशिक फरकांचा संबंध आढळला आहे, त्यांपैकी बहुसंख्य फरक ह्या तथाकथित अडगळीतच आहेत. ह्या भागात जनुकांना जागे करणारे छोटे छोटे तुकडे असतात. त्यांना 'वर्धक' म्हणता येईल. वर्धक आपल्या जनुकापासून हजारो, कधी लाखो अक्षरे दूर असतो. घाटातल्या वरच्या वळणावरून हाक मारावी तसा तो काम करतो: ओळीत दूर, पण घडीत जवळ.

ही घडी प्रत्यक्ष मोजण्याची युक्ती योब डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. केंद्रकात जे तुकडे एकमेकांना खेटून असतात त्यांना रसायनाने जागच्या जागी बांधून टाकायचे आणि मग कोण कोणाच्या शेजारी सापडले ह्याची मोजदाद करायची, अशी ती कल्पना आहे. २००९ मध्ये तिचा विस्तार होऊन संपूर्ण जनुकसंचाचा नकाशा काढता आला. २०१२ मध्ये असे आढळले की हा धागा वेगवेगळ्या वाड्यांत विभागलेला आहे. एका वाडीतले तुकडे आपसांत वारंवार भेटतात, शेजारच्या वाडीशी मात्र क्वचित संबंध ठेवतात. वाड्यांच्या वेशीवर बहुधा सीटीसीएफ नावाचे प्रथिन बसलेले असते. कोहेसिन नावाचे कड्यासारखे दुसरे प्रथिन धाग्याला फास टाकून तो ओढीत नेते आणि वेशीवरच्या ह्या रखवालदाराशी येऊन थांबते. रखवालदाराला आपली जागा अक्षरांच्या एका ठरावीक क्रमावरून ओळखू येते. तो क्रम बदलला, की रखवालदार सुटतो आणि वेस मोकळी पडते.

ह्या विषयावर आपल्या राज्यातही काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात संजीव गलांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएचे फास बांधून ठेवणाऱ्या सॅटबी-१ ह्या प्रथिनाचा अभ्यास केला. प्रतिकारशक्तीशी निगडित अशा एका जनुकसमूहाच्या फासांची रचना हे प्रथिन दुसऱ्या एका प्रथिनाच्या साह्याने कशी ठरविते, हे त्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले.

रक्ताची साक्ष

घडीचे महत्त्व ज्या रोगांनी सर्वांआधी शिकविले ते रोग महाराष्ट्राला परके नाहीत. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे दोन्ही हिमोग्लोबिनचे आजार आहेत. सिकलसेल हा रेणूचा रोग आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सांगितले. बीटा नावाच्या जनुकातले एक अक्षर बदलते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत अनेक आदिवासी समाजांत, तसेच विदर्भातील इतर काही समाजांतही हा रोग घरोघरी ओळखीचा आहे.

बीटा जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्याच ओळीत त्याचे भाऊबंद बसलेले आहेत. त्यांतले गामा जनुक गर्भावस्थेत काम करते. जन्मानंतर काही महिन्यांत ते झोपी जाते आणि बीटा जागे होते. सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसते आणि मग दुखणी सुरू होतात, त्याचे कारण हेच. दोषाचे अक्षर जन्मापासून असतेच, पण त्याची पाळी उशिरा येते.

ही पाळी कोण ठरवितो, ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर एका डच कुटुंबाच्या रक्तातून मिळाले. त्या कुटुंबातील रुग्णांचे बीटा जनुक अक्षरन् अक्षर शाबूत होते, तरीही ते मुके होते. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की जनुकाच्या बाहेरचा, दूरवरचा एक मोठा तुकडा गळून पडला आहे. पुढे १९८७ मध्ये जनुकांच्या रांगेपासून अलग असलेला नियंत्रक भाग सापडला. बीटा जनुकापासून तो सुमारे पन्नास हजार अक्षरे दूर आहे. २००२ मध्ये रॉटरडॅमच्या संशोधकांनी दाखविले की तांबड्या पेशी घडत असताना मधला धागा फासासारखा बाहेर वळतो आणि हा दूरचा नियंत्रक जनुकाला प्रत्यक्ष भेटतो. गर्भात तो गामाला भेटतो, पुढे बीटाला.

येथे कोणीही चिकित्सक वाचक विचारील की, फास पडतो म्हणून जनुक जागे होते, की जनुक जागे होते म्हणून फास पडतो? ह्या शंकेचे उत्तर अमेरिकेतील गेर्ड ब्लोबेल यांच्या प्रयोगशाळेने दिले. तिने २०१२ मध्ये कृत्रिम रीतीने फास पाडून बीटा जनुक जागे केले, आणि २०१४ मध्ये तोच फास वळवून प्रौढ पेशींत झोपी गेलेले गामा जनुक उठविले. निदान ह्या ठिकाणी तरी घडी हे कारण होते, परिणाम नव्हे. २०१५ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. काही दुर्मिळ कुटुंबांत गामा जनुक आयुष्यभर जागे राहते. अशा एका प्रकारच्या कुटुंबांत गामाच्या अलीकडे १७५ व्या स्थानावर एकच अक्षर बदललेले असते. त्या एका अक्षराने एका प्रथिनाला बसायला नवी जागा मिळते आणि नियंत्रक भागाचा फास गामाकडे वळतो. अशा माणसाला सिकलसेलचा वारसा मिळाला तरी त्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. एका अक्षराने रोग दिला आणि दुसऱ्या ठिकाणच्या एका अक्षराने, घडी बदलून, त्याची धार बोथट केली.

ह्या ज्ञानाचा उपचारांशी थेट संबंध आहे. गामा जनुकाला झोपविणाऱ्या बीसीएल-११-ए ह्या जनुकाच्या वर्धकात कात्री चालविणाऱ्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मान्यता दिली. कात्री कोणत्याही प्रथिनाच्या आराखड्यावर चालत नाही. ती 'अडगळी'तल्या एका तुकड्यावर चालते. त्या उपचाराची अमेरिकेतील किंमत मात्र वीस लाख डॉलरांहून अधिक आहे. भारतातही सीएसआयआरच्या दिल्लीतील संस्थेने 'बिरसा १०१' ह्या नावाने सिकलसेलवरील जनुकीय उपचार विकसित केल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी सहकार्य करण्यात आले.

संगणक काय करतो

दोन माणसांतील कोणताही एक जण जागतिक प्रमाण म्हणून ठरविलेल्या जनुकसंचाशी ताडून पाहिला तर चाळीस-पन्नास लाख ठिकाणी फरक आढळतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. उपद्रवी कोणते हे ओळखण्यासाठी प्रत्येक फरकाचा उंदीर तयार करणे किंवा प्रत्येकासाठी प्रयोगशाळेत पेशी वाढविणे अशक्य आहे. येथे संगणकाची गरज उत्पन्न होते.

त्याचे काम दोन पद्धतींनी चालते. पहिली पद्धत भौतिकशास्त्राची. डीएनएचा धागा म्हणजे मण्यांची माळ अशी कल्पना करायची, कोणते मणी एकमेकांना चिकटतात आणि कोणते दूर राहतात ह्याचे नियम घालायचे, आणि संगणकात ती माळ लाखो वेळा हलवून ती कशी कशी वेटोळते ते पाहायचे. मुंबईत पवईच्या आयआयटीतील संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या सहकार्याने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले काम ह्याच जातीचे आहे. त्यांनी हिमोग्लोबिनचाच दुसरा भाग घडविणाऱ्या अल्फा जनुकाच्या परिसरातला सुमारे पाच लाख अक्षरांचा तुकडा घेतला. जनुक जागे असलेल्या आणि झोपलेल्या अशा दोन प्रकारच्या पेशींतील भेटीगाठींच्या नोंदींवरून उलट्या दिशेने गणित करून त्यांनी त्या तुकड्याचा त्रिमितीय आकार काढला. आकाशात दिसणाऱ्या सावलीवरून डोंगराचा आकार ठरवावा, तसे हे अवघड गणित आहे.

ह्या पद्धतीची खरी परीक्षा २०१८ मध्ये झाली. बर्लिनच्या श्टेफान मुंडलोस यांच्या गटाने २०१५ मध्ये असे दाखविले होते की, ज्यांची बोटे जन्मतः आखूड, जोडलेली किंवा अधिक असतात अशा काही कुटुंबांत मूळ जनुके शाबूत असतात. बिघडलेली असते ती दोन वाड्यांमधली वेस. वेस गेल्यामुळे एका जनुकाचा वर्धक शेजारच्या जनुकाला हाक मारू लागतो आणि गर्भात बोटे घडताना चुकीचे जनुक चुकीच्या वेळी जागे होते. नेपल्सच्या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याच भागाचे मण्यांच्या माळेचे प्रारूप तयार केले. कोणता तुकडा गळाल्यास किंवा उलटा झाल्यास घडी कशी बदलेल, ह्याचे भाकीत त्यांनी केले आणि बर्लिनच्या गटाने उंदरांच्या व रुग्णांच्या पेशींत ते पडताळून पाहिले. भाकीत बऱ्याच अंशी खरे ठरले.

दुसरी पद्धत निराळी आहे. तिला धाग्याचे भौतिक नियम ठाऊक नसतात. ती उदाहरणांवरून शिकते. मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवून परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याशी तिची तुलना करता येईल. अमेरिकेत तयार झालेले 'अकिता' हे प्रारूप २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला सुमारे साडेदहा लाख अक्षरांची ओळ द्यायची; तिच्यावरून ते घडीचा नकाशा काढून देते. मग त्याच ओळीतले एखादे अक्षर बदलून, किंवा तुकडा गाळून, पुन्हा नकाशा काढायचा आणि दोन्ही नकाशांची वजाबाकी करायची. उरलेला फरक हाच त्या आनुवंशिक बदलाचा अंदाजी परिणाम. प्रत्यक्षात महिने लागणारे काम संगणक क्षणांत करतो. २०२२ मध्ये 'ओर्का' आणि २०२५ मध्ये गूगलच्या डीपमाइंड कंपनीचे 'अल्फाजीनोम' ही आणखी व्यापक प्रारूपे पुढे आली. अल्फाजीनोम दहा लाख अक्षरे एका दमात वाचते आणि घडीबरोबरच जनुकांच्या जागेपणाचाही अंदाज सांगते.

अंदाज आणि निदान

एवढ्यावरून संगणक आता आनुवंशिक रोगांचे निदान करू लागला, असा समज कोणी करून घेऊ नये. प्रश्नपत्रिका पाठ करणारा विद्यार्थी न पाहिलेल्या धड्यावर अडखळतो, हे शिक्षकांना ठाऊक असते. अकिता पाच प्रकारच्या मानवी पेशींच्या नकाशांवर शिकले. गर्भपेशी, त्वचेची पेशी, फुप्फुसाची पेशी, आतड्याच्या कर्करोगाची पेशी आणि पांढऱ्या रक्तपेशींचा एक वंश, असे ते पाच प्रकार. तांबड्या रक्तपेशीला जन्म देणारी पेशी त्यांत नाही. म्हणजे सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या संदर्भात जी घडी सर्वांत महत्त्वाची, ती ह्या विद्यार्थ्याने कधी पाहिलेलीच नाही. शिवाय असे प्रारूप मुख्यतः प्रमाण म्हणून मानलेल्या एकाच जनुकसंचाच्या आधारे शिकते. माणसामाणसांतील फरकाचा अर्थ सांगण्याची अपेक्षा त्याच्याकडून आहे, पण शिकताना त्याच्यासमोर तो फरक फारसा आलेलाच नसतो.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. घडी विस्कटली की दर वेळी काही बिघडतेच असे नाही. २०१७ मध्ये एका प्रयोगात माणसाच्या पेशींतून कोहेसिन जवळजवळ संपूर्णपणे काढून टाकण्यात आले. फासांच्या वाड्या नाहीशा झाल्या, पण थोड्या वेळात बहुसंख्य जनुकांच्या कामात मोठा फरक पडला नाही. २०१९ मध्ये फळमाशीच्या अतिशय उलथापालथ झालेल्या गुणसूत्रांवरही असाच निष्कर्ष निघाला. पुष्कळ ठिकाणी घडी मोडूनही जनुके आपापले काम करीत होती. ह्या शंकांमुळे घडीचा विचार बाद होत नाही. बीटा जनुकाची आणि बोटांची साक्ष स्पष्ट आहे. पण एवढे निश्चित होते की, नकाशातला फरक म्हणजे रोग नव्हे. नकाशा बदलला, जनुकाचे काम बदलले, आणि त्या कामाचा शरीरावर परिणाम झाला, ह्या तीन पायऱ्या आहेत. संगणक आज पहिल्या पायरीविषयी बऱ्यापैकी बोलतो, दुसरीविषयी चाचपडत बोलतो आणि तिसरीविषयी त्याला बोलविता येत नाही.

म्हणूनच संगणकाचे भाकीत हा चौकशीचा आरंभ मानावा, निकाल मानू नये. कोणत्या शंभर फरकांपैकी कोणते पाच आधी प्रयोगशाळेत तपासावेत हे सांगण्यात त्याचा मोठा उपयोग आहे. साधने तुटपुंजी असलेल्या देशात ही निवड फार मोलाची आहे. परंतु एखाद्या मातेच्या हातात पडणाऱ्या अहवालात अशा भाकिताला पुराव्याचा दर्जा देणे अनुचित होय. आनुवंशिक तपासण्यांच्या अहवालांत आजही 'अर्थ अनिश्चित' असा शेरा वारंवार येतो. त्या दोन शब्दांवर कुटुंबे महिनोन् महिने झुरतात. त्या शेऱ्याच्या जागी यंत्राने दिलेली खोटी निश्चिती आली, तर ती पहिल्या अनिश्चितीपेक्षा घातक ठरेल.

महाराष्ट्राने काय करावे

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी आवश्यकच आहे. परंतु ती एकाच अक्षराचा शोध घेते. त्या अक्षराचे दोन धनी असतात. एकाला वर्षातून चार वेळा रुग्णालयात न्यावे लागते आणि दुसरा शेतावर राबत असतो. भारतातील सिकलसेल सामान्यतः ज्या प्रकारचा आहे त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन तुलनेने अधिक टिकते आणि म्हणून रोग सौम्य असतो, असे दीर्घकाळ मानले गेले. विदर्भातील डॉक्टरांच्या अनुभवाने हा दिलासा सर्वांना लागू पडत नाही हे दाखविले आहे. हा फरक आहार, मलेरिया आणि उपचारांची उपलब्धता ह्यांमुळे पडतो, तसाच काही अंशी इतर आनुवंशिक अक्षरांमुळेही पडतो. कोणत्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरियासारखे औषध लवकर द्यावे हे ठरविण्यासाठी ह्या अक्षरांचा अर्थ कळला पाहिजे.

अक्षरे वाचण्याच्या कामी देशाने मजल मारली आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पाने ८३ लोकसमूहांतील सुमारे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले आणि ही माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. पण हे झाले वाचन. घडीचे नकाशे जिवंत पेशींतूनच काढावे लागतात. रक्ताच्या नमुन्यातून तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशी प्रयोगशाळेत वाढविता येतात. मुंबईत परळला रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी तिचे केंद्र आहे, पुण्याला पेशीविज्ञानाचे केंद्र आहे आणि पवईला मण्यांच्या माळेचे गणित जाणणारे लोक आहेत. ह्या चौघांनी एका कामासाठी एकत्र बसणे ही महाराष्ट्राची गरज आहे. सौम्य आणि तीव्र अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या पेशींतील घडीचे नकाशे काढले गेले, तर संगणकाच्या प्रारूपांना आपल्या लोकांचा धडा शिकविता येईल. तसे झाले नाही, तर इतरांच्या पेशींवर शिकलेली यंत्रे आपल्या रुग्णांविषयी अधिकारवाणीने बोलतील आणि ती चुकली हे कळायलाही आपल्याजवळ साधन नसेल.

ह्याबरोबर एक सामाजिक पथ्य पाळले पाहिजे. सिकलसेलची तपासणी ज्या समाजांत अधिक होते ते बहुतेक आदिवासी आणि दलित समाज आहेत. रोगाच्या नावाने त्यांच्यावर नवा शिक्का बसण्याचा आणि विवाहाच्या बोलणीत मुलीच्या हातातले कार्ड तिच्याविरुद्ध वापरले जाण्याचा धोका खरा आहे. पाचाड ज्या महाड तालुक्यात आहे, त्या महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्यावरचा माणसाचा समान हक्क बजावला. जन्मावरून माणसाचे मोल ठरविण्याची सवय जेथे उघडपणे आव्हानिली गेली, तेथे आनुवंशशास्त्राच्या नावाने तीच सवय मागील दाराने आत येऊ देणे शोभणारे नाही. हे शास्त्र स्वतःही तसे काही सांगत नाही. चाळीस-पन्नास लाख फरक प्रत्येकात आहेत. निर्दोष मजकूर घेऊन कोणीच जन्मत नाही. एखादे अक्षर दोष ठरते की आधार, हे ते कोणत्या घडीत बसले आहे त्यावर अवलंबून असते, आणि रोग किती छळतो हे पुष्कळदा दवाखाना किती लांब आहे त्यावर.

रायगड जिल्ह्याच्या डोंगरकुशीतील कातकरी वाड्यांपासून गडचिरोलीच्या माडिया पाड्यांपर्यंत ज्यांच्या रक्ताचे नमुने विज्ञानाला हवे आहेत, त्यांना त्या बदल्यात काय मिळणार, हा प्रश्न नमुना घेण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे. त्यांच्या भाषेत समजावून सांगणारा समुपदेशक तालुक्याच्या रुग्णालयात असणे, तपासणीनंतर औषध नियमित मिळणे, आणि त्यांच्या नमुन्यांवरून निघालेला उपचार त्यांना परवडेल अशा मोलात उपलब्ध होणे, एवढ्या अटी सरकारने आणि संस्थांनी लेखी मान्य कराव्यात. विद्यापीठांनीही ह्यात आपला वाटा उचलावा. अकितासारख्या प्रारूपाची आज्ञावली सर्वांना खुली आहे. जीवशास्त्र, गणित आणि संगणक ह्या तिन्ही विषयांचे शिक्षक एका महाविद्यालयात असतात, पण एका टेबलाशी क्वचितच बसतात. ते बसले, तर जिल्ह्याच्या गावचा विद्यार्थीसुद्धा ह्या कामात उतरू शकेल.

संगणकाला घडीचा अंदाज बांधू द्यावा. तो अंदाज तपासण्याची यंत्रणा आपल्या प्रयोगशाळांत उभी करावी. आणि तपासून खरे ठरलेले ज्ञान ज्याच्या रक्तातून आले त्याच्या दारापर्यंत नेण्याची जबाबदारी शासनाने उचलावी. ह्या तिन्हींपैकी पहिले काम जग करीतच आहे. उरलेली दोन आपल्यासाठी दुसरे कोणी करणार नाही.